अवसर

मराठीत मला शाळेत दोनदा पहिलं बक्षीस मिळालं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो घोळ घातला त्याचं मूळ त्या बक्षिसांत आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत कुणाला अर्ज लिहायचा असला, लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असला, की लोक आमच्या दारात येत. वडील कचेरीत कारकून होते आणि त्यांना माझ्या भाषेचा कोण अभिमान! मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी ते गेले. मग मी टायपिंग शिकले आणि परळच्या एका हॉस्पिटलात, मेंदूच्या रोगांच्या खात्यात, टायपिस्ट म्हणून लागले.

खात्याचे मोठे डॉक्टर पारशी होते. त्यांचं इंग्रजी लाटसाहेबाचं आणि मराठी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं. रोगी मात्र बहुतेक लालबाग-परळचे, गिरण्यांतले. त्यामुळे रोगी बोलत असताना मी वही घेऊन शेजारी बसायची, तो काय म्हणाला ते डॉक्टरांना लगोलग इंग्रजीत सांगायची आणि नंतर टाइप करायची. पगार टायपिस्टचा आणि काम दुभाष्याचं. माझी तक्रार नव्हती, मला मिरवायला आवडायचं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरगाव ते परळ ट्रामच्या रस्त्यावर एक भिंत कोरी नव्हती. मराठी बोलणाऱ्यांचं राज्य झालंच पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य होतं. मराठी बोलणारे म्हणजे कोण, ते मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

या चळवळीत माझा धाकटा भाऊ डोकं फोडून घेऊन आला होता. तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. मोर्चाला गेला, पळापळ झाली आणि डाव्या कानशिलाच्या वर काहीतरी बसलं. लाठी होती की दगड, कुणाचा, हे कधीच कळलं नाही. टाके पडले, जखम भरली, चाळीने त्याला हार घातला. सहा महिन्यांनी एके दिवशी जेवताना तो घास हातात धरून म्हणाला, ‘काही करपलंय का?’ काहीच करपलं नव्हतं. मग त्याची नजर भिंतीवर थिजली, ओठ आपोआप चावल्यासारखे हलायला लागले, बोटं सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत राहिली. हाका मारल्या तरी ओ नाही. दोन मिनिटांनी भानावर आला तो थकून झोपला.

त्यानंतर महिन्यातून दोनतीनदा असं व्हायला लागलं. आई म्हणाली, पित्त आहे. मीही म्हणाले, पित्त आहे. मेंदूच्या खात्यात बसून रोज असले रोगी टाइप करणारी मी, घरी आले की पित्तावर समाधान मानायची. घरात फिट येते असं बाहेर कळलं असतं तर माझं लग्न झालं नसतं, हे एक कारण. दुसरं कारण साधं होतं. मला भीती वाटायची. चाळीत व्हायचं ते झालंच. त्याला झटका आला की कुणीतरी चप्पल घेऊन धावायचं आणि नाकाला लावायचं, जिन्यावरची पोरं त्याची ओठ चावण्याची नक्कल करायची. त्याचं कॉलेज सुटलं.

आणि मग आमच्या खात्यात तो माणूस आला.

त्याने तीन खून केले होते. कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ हमालांची एक खानावळ होती, तिथे तो मसाला वाटायचा. दीड वर्षाच्या काळात, तीन वेगवेगळ्या दुपारी, जेवून कापसाच्या गाठींच्या सावलीत लवंडलेल्या तीन हमालांना त्याने झोपेत मारलं होतं. आपल्याच कामाच्या वरवंट्याने. मारून तो वरवंटा धुवायचा आणि संध्याकाळच्या मसाल्याला बसायचा. पैशाचं भांडण नाही, बाईचं प्रकरण नाही. आरोपी वेडा आहे की शहाणा, असा प्रश्न कोर्टापुढे होता, म्हणून त्याला आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. डॉक्टरांनी मला समजावलं ते इतकंच, की कायद्याला बाकीच्या गोष्टींशी देणंघेणं नसतं. मारताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं की नव्हतं? कळत असेल तर फाशी.

मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. आला तो कोकणातला एक किडकिडीत माणूस, चाळिशीचा, दोन पोलिसांच्या मध्ये, तळहात मसाल्याने कायमचे पिवळे झालेले. कपाळाच्या डाव्या बाजूला जुनी खोक होती. लहानपणी माडावरून पडला होता. बाप रोज मारायचा, आई कधी मेली ते आठवत नव्हतं. हे सगळं तो दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होता. मी भरभर लिहीत होते. मग डॉक्टरांनी मला विचारायला सांगितलं, की शेवटच्या खुनाच्या वेळी काय झालं?

तो म्हणाला, ‘आधी करपल्याचो वास येता.’

माझी पेन्सिल थांबली.

‘मगे पोटातसून कायतरी वर चढता,’ तो म्हणाला. ‘मगे माका अवसर येता. तसोच तेव्हाय अवसर इलो.’

‘काय बोलते तो?’ डॉक्टर.

करपल्याचा वास मी सांगितला. पोटाचं सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून येत होता, कारण डोळ्यांपुढे घास हातात धरलेला माझा भाऊ होता. आणि शेवटचं वाक्य मी सांगितलं ते असं, की त्याला अवसर मिळाला. ऑपॉर्च्युनिटी. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि स्वतःच्या हाताने ते लिहून घेतलं.

अवसर म्हणजे संधी. मला बक्षीस होतं.

पुढच्या दोन दिवसांत त्याच्या मेंदूच्या लहरी काढल्या. ते यंत्र नवीनच आलं होतं. डोक्याला तारा चिकटवायच्या आणि कागदाच्या लांब पट्टीवर आठ लेखण्या एकदम चालायच्या. डाव्या कानशिलाच्या जागी रेघा करवतीच्या दात्यांसारख्या उसळत होत्या. डॉक्टरांनी पट्टीवर बोट ठेवून मला दाखवलं. ‘इथे जखम हाय. जुना. हा रोग खरा हाय.’ मग मान हलवली. ‘पण तो तर मोक्याची वाट बघत होता. तूच सांगितला ना? रोग वेगळा, खून वेगळा.’

मला खरं तर हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण मनाला पटवणं निराळं आणि भीती निराळी. कपाळावर नसेल, पण माझ्या भावाच्याही डाव्या कानशिलावरच मार होता. तोच वास. माणसाच्या कानशिलाच्या आत बदामाएवढा एक तुकडा असतो आणि भीती नि संताप तिथे उठतात, कपाळामागचा भाग त्यांना आवर घालतो, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा मला फक्त दोन डोकी दिसत होती. एकाच ठिकाणी फुटलेली.

त्या संध्याकाळी घरी आले तर आई पाट्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होती आणि भाऊ शेजारी पाटावर बसून तिला काहीतरी गमतीचं सांगत होता. मी वरवंट्याकडे बघतच राहिले. आईच्या हातातला तो काळा, गुळगुळीत दगड. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात असलेला. दुसऱ्या दिवशी मी थाप मारली, की वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे केळवण आहे, मसाल्याला जास्तीचा वरवंटा हवाय. आणि तो पदराखाली घेऊन त्यांच्याकडे ठेवून आले. काकूंना सांगितलं, की आमच्या आईची कंबर दुखते, चार दिवस वाटण बंद करायचंय. एका वरवंट्यासाठी दोन थापा. विळी माळ्यावर टाकली. भाजी मी सकाळी स्वतःच चिरून ठेवायला लागले. आई म्हणाली, ‘तुला झालंय तरी काय?’ मी तिच्यावर खेकसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. भाऊ जांभई देत असला तरी मला ओठ हललेले दिसत.

विळी दिसत नाही, चटणी नाही, बहीण बोलताना दाराकडे पाठ करून उभी राहते. एवढं सगळं घडत होतं आणि भाऊ पेपर वाचत बसायचा. त्याला कळत नाही, असं मला वाटलं.

बुधवारी दुपारी खात्यातल्या आयाबाईंबरोबर मी चहा पीत होते. या मावशी लालबागच्या, मूळच्या मालवणकडच्या. गावच्या जत्रेला जायला रजा हवी होती, म्हणून अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. मी विचारलं, कारण काय घालू? त्या म्हणाल्या, ‘घाल, देवाचा काम आसा. माझ्या दिराक अवसर येता नाय? तो उभो रवल्याशिवाय जत्रा होना नाय.’

‘अवसर येतो म्हणजे?’ मी म्हणाले.

‘अगो बाय, अवसर म्हणजे अंगात देव येता तो! तुका अवसर म्हायत नाय? येवढी शिकलंस आणि!’

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले असावे. अर्जात मी ‘देवकार्य’ असं कारण लिहिलं.

म्हणजे तो माणूस ‘संधी मिळाली’ म्हणालाच नव्हता. ‘माझ्या अंगात आलं’ असं म्हणाला होता. गावच्या भाषेत त्याने आपल्या आजाराचं नाव सांगितलं होतं आणि मी, दोनदा बक्षीस मिळवलेलीने, ते नाव पुसून तिथे फाशी लिहिली होती. मराठी राज्यासाठी माझ्या भावाने डोकं फोडून घेतलं होतं आणि मला ट्रामने अर्ध्या तासावरच्या लालबागचं मराठी येत नव्हतं.

डॉक्टरांची खोली दहा पावलांवर होती. अहवाल अजून गेला नव्हता. पुढच्या गुरुवारी जायचा होता. उठून जाऊन एवढंच सांगायचं होतं, की सर, माझं चुकलं.

मी गेले नाही.

का गेले नाही, ते मी आज ऐंशीच्या घरात निर्लज्जपणे सांगते. ‘संधी’ हा शब्द राहिला तर तो माणूस दुष्ट ठरत होता आणि रोग निर्दोष सुटत होता. पण ‘अवसर’ म्हटलं की रोगानेच ते तीन खून केले असं होत होतं. आणि तो रोग माझ्या घरात जेवत होता, माझ्या आईशेजारी झोपत होता. मी शब्द दुरुस्त केला की माझ्या भावाच्या कपाळावर मीच शिक्का मारणार होते. डॉक्टरांनी उद्या विचारलं असतं, अशा माणसाला घरात ठेवावं का, तर मी काय टाइप केलं असतं? एका खुन्याच्या मानेपेक्षा मला भाऊ जवळचा होता. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं म्हणजे मला भाऊही नको होता, मला ते माहीतच नको होतं.

असे आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांत मी अहवालाची पक्की प्रत टाइप केली. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या शब्दावर आले तेव्हा टाइपरायटरची एक कळ अडकली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी अंगावर काटा आला. तेल घातलं आणि शब्द पुरा केला.

अहवाल गुरुवारी जायचा होता. बुधवारी संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई देवळात गेली होती आणि भाऊ कपडे वाळत घालत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘ताई, काही करपलंय का?’

घरात आम्ही दोघंच. पळावं असं वाटलं, हे खरं आहे. त्याची नजर थिजली, ओठ हलायला लागले आणि तो दाराच्या दिशेने, गॅलरीच्या कठड्याकडे, हळूहळू चालू लागला. तेव्हा मात्र मी धावले आणि त्याचा दंड गच्च धरला. त्याने मला झिडकारलं. माझ्या हातावर त्याची नखं ओढली गेली, मी दारावर आपटले. आलं, मला वाटलं, हेच ते. मी हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.

काहीही झालं नाही. डोळे उघडले तर तो होता तिथेच उभा होता, ओला टॉवेल हातात, गुंडीशी खेळत. मी धरलं तेव्हा सुटायला बघितलं, सोडलं तेव्हा थांबला. गाईचं वासरूही यापेक्षा जास्त लाथा झाडतं. मी दार लावून घेतलं आणि समोर बसून राहिले. पावणेदोन मिनिटं. पहिल्यांदाच मी घड्याळ लावून पाहिलं होतं. एरवी मी दुसरीकडे बघायची.

तो भानावर आला. आधी माझं तोंड पाहिलं, मग माझ्या हातावरचे ओरखडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘मी कुणाला मारलं का?’

‘नाही रे.’

‘खरं सांग. मी दर वेळी विचारणार असतो. दर वेळी धीर होत नाही.’

मी त्याला जवळ घेतलं आणि रडले. तो वीस वर्षांचा होता. झटका आल्याच्या प्रत्येक दिवशी तो असा उठत होता, आपण खून केलाय की काय या भीतीत. आणि आम्ही त्याला चप्पल हुंगवून पित्ताची मात्रा देत होतो.

गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. आधी शब्दाचं सांगितलं, मग भावाचं, सगळं एका दमात. डॉक्टरांनी चष्मा काढला. ते रागावले की आवाज बारीक व्हायचा.

‘आठ दिवस? माणसाचा गळा हाय तो, पोरी. स्पेलिंगचा चूक नाय.’

‘हो सर.’

‘जा, आयाला बोलव. आणि तू बस. लिही. या वेळी एक अक्षर बदलू नको.’

त्या माणसाला पुन्हा आणलं. मावशी त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि आपल्या भाषेत, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. गाव कुठलं, देव कुठला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच जागा झाला. गावात लहानपणापासून त्याला अवसर यायचा. लोक तांदूळ ठेवायचे, कौल विचारायचे. मारणारा बापसुद्धा तेवढ्यापुरता त्याच्या पाया पडायचा. ‘आणि हंय?’ मावशींनी विचारलं, म्हणजे इथे मुंबईत.

‘हंय लाथ मारतत,’ तो म्हणाला. ‘नाकाक चप्पल लावतत. तोंडात मीठ घालतत. आणि हसतत.’

डॉक्टरांनी जो प्रश्न विचारायला सांगितला तो मावशींनी आधी स्वतःशी पुटपुटून घेतला. अवसरात असताना तू त्या तिघांना मारलंस का?

त्याने चमकून बघितलं. जणू कुणी देवाची निंदा केली होती.

‘अवसरात मी कोणाक हात लावूक नाय. देव कसो मारतलो? अवसर गेल्यार मारलंय. दोन दिसांनी, चार दिसांनी. ते निजले की. माज्यार हसले म्हणान.’

मी अक्षरन् अक्षर लिहिलं. माझ्या वहीत ते पान पुढे पुष्कळ वर्षं होतं.

ते गेल्यावर डॉक्टरांनी लहरींची पट्टी पुन्हा उलगडली. मग माझ्याशी बोलले की स्वतःशी, मला सांगता येणार नाही. झटक्यात माणूस माग काढत नाही, वाट बघत नाही, वरवंटा धूत नाही. मेंदू तेवढं जमवूच शकत नाही. जखम होती, खरी होती, कपाळातला लगाम तिने कदाचित ढिला केला असेल. पण त्यावर बापाचा मार होता, आणि एका जागी देव नि दुसऱ्या जागी तमाशा होऊन जगणं होतं. ‘आणि तरीबी,’ ते म्हणाले, ‘मार खाल्लेले लाखो हाय. चप्पल लावलेले हजारो हाय. ते काय करते? घरी जाऊन जेवते. हाच का उठला, ते मला माहीत नाय. मशीनला माहीत नाय.’

मला तेव्हा राग आला होता, की एवढा मोठा डॉक्टर आणि नक्की उत्तर देत नाही. आता वाटतं, ‘माहीत नाही’ म्हणणारा तोच एक माणूस त्या प्रकरणात भेटला. चाळीला माहीत होतं, पेपरांना माहीत होतं आणि मला तर सगळ्यांच्या आधी माहीत झालं होतं.

अहवाल मी पुन्हा टाइप केला. कोर्टाने त्या माणसाला शहाणा ठरवलं, पण ती जखम आणि त्याचे हाल ध्यानात घेऊन फाशीऐवजी जन्मठेप दिली, एवढं पुढे कानावर आलं. मरण पावलेल्या तीन हमालांच्या घरच्यांना त्याचं काय वाटलं असेल, हा विचार मला खूप उशिरा सुचला आणि त्याची लाज अजून वाटते.

पण त्या दिवशी मला ऐकायचं होतं ते वेगळंच होतं. आठ दिवस मी जो शब्द लपवून ठेवला, त्याच शब्दात माझ्या भावाची सुटका होती. मी त्याच दुपारी दहा पावलं चालले असते, तर त्याच दुपारी कळलं असतं, की अवसरात माणूस हात उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘भावाला सोमवारी घेऊन ये. गोळ्या हाय. आणि झटका आला का नुसता बाजूला बस. डोळे उघडले का पहिला तोंड तुझा दिसू दे.’

घरी येऊन मी जिन्याजवळ पडलेली ती जुनी चप्पल, जी त्याच्या नाकाला लावायचे, ती उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकली. विळी माळ्यावरून काढली. मग वर काकूंकडे गेले.

‘काकू, आमचा वरवंटा द्या.’

काकू दारातच घुटमळल्या. ‘अगं, देते. पण आधी त्याला विचार हो.’

‘कुणाला?’

‘तुझ्या भावाला. तू ठेवून गेलीस त्याच संध्याकाळी आला होता. म्हणाला, काकू, ताई घाबरलीय. तिने मागितला तरी देऊ नका. मी बरा झालो की मीच न्यायला येईन.’

मी तिथेच त्यांच्या उंबरठ्यावर बसले. तो रोज पेपर वाचत बसायचा, आणि मला वाटलं होतं त्याला कळत नाही.

खाली जाऊन मी त्याला डॉक्टरांचं, सोमवारचं आणि गोळ्यांचं सांगितलं आणि म्हटलं, ‘चल, वरवंटा आणायचाय. आईला चटणी करायचीय.’

तो पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, ‘अजून गोळ्या कुठे सुरू झाल्यात?’

‘गोळ्यांचा आणि वरवंट्याचा काही संबंध नाही. मी विचारून आलेय.’

त्याने पेपरची घडी घातली. मग उठला. काकूंनी वरवंटा त्याच्या हातात दिला. आमच्या चाळीचा जिना अरुंद, लाकडी, दोन माणसं शेजारी मावत नाहीत. एकाने पुढे उतरायचं. मला भीती वाटू नये, मी मागून यावं, म्हणून तो पुढे व्हायला लागला. मी म्हटलं, ‘तू ये मागून,’ आणि त्याच्याकडे पाठ करून उतरायला लागले.

मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं पुढे मी सगळ्यांना सांगत आले, त्यालासुद्धा. ते खोटं आहे. चौथ्या पायरीवर मी पाहिलं. वरवंटा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, तो निसटून माझ्यावर पडू नये म्हणून, एकेक पायरी बघत तो उतरत होता.